अमेरिकेच्या यादवी युद्धातील (१८६१-१८६५) शत्रुप्रदेशातील हेरगिरी आणि घातपात : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना :

अमेरिकेचे यादवी युद्ध हे एकोणिसाव्या शतकातील अत्यंत रक्तरंजित युद्धांपैकी एक होय. दि. १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिण कॅरोलिनातील फोर्ट सम्टर या किल्ल्यावर झालेल्या तोफांच्या माऱ्याने त्याला प्रारंभ झाला. दि. ९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती रॉबर्ट ली यांनी अ‍ॅपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करली आणि युद्ध संपण्याच्या मार्गास लागले. या चार वर्षांत मृत्युमुखी पडलेल्या सैनिकांची संख्या परंपरेने सुमारे ६ लाख २० हजार मानली जाते. अलीकडील लोकसंख्याविषयक अभ्यासांनी हा आकडा याहूनही मोठा असल्याचे दाखविले आहे. अकरा दाक्षिणात्य राज्ये संघराज्यातून फुटून निघाली, त्यामागे गुलामगिरी टिकविण्याचा आग्रह हे प्रमुख कारण होते. १८६० च्या जनगणनेनुसार त्या देशात सुमारे ३९ लाख ५० हजार गुलाम होते.

महाराष्ट्राला हे युद्ध अगदीच परके नाही. अमेरिकन कापसाची निर्यात थांबल्यामुळे मुंबईत आलेली तेजी आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये कोसळलेला तेथील शेअरबाजार हा या युद्धाचाच दूरचा परिणाम होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कार्याबद्दल, अमेरिकेतील सदाचारी जनांना अर्पण केला होता. मात्र या युद्धाचा मराठीत होणारा विचार बहुधा लिंकन, ग्रँट, ली आणि गेटिसबर्गची लढाई यांच्याभोवतीच फिरतो. शत्रूच्या आघाडीपलीकडे राहून ज्यांनी माहिती मिळविली, पूल जाळण्याचा प्रयत्न केला किंवा बोटी उडविल्या, त्यांच्या कार्याचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात या अंगाचा आढावा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) यादवी युद्धातील हेरगिरीचे वेगळे स्वरूप स्पष्ट करणे.
२) उत्तर व दक्षिण या दोन्ही पक्षांच्या गुप्त कारवायांची कार्यपद्धती आणि परिणाम तपासणे.
३) कृष्णवर्णीय गुलामांनी पुरविलेल्या माहितीचे महत्त्व अधोरेखित करणे.
४) हेर व घातपाती यांच्या कायदेशीर स्थानाचा आणि त्यांच्याविषयीच्या पुराव्यांचा विचार करणे.

यादवी युद्धातील हेरगिरीचे वेगळेपण :

दोन परक्या राष्ट्रांच्या युद्धात हेराला भाषा, चेहरा, उच्चार आणि चालीरीती या साऱ्यांचेच सोंग घ्यावे लागते. यादवी युद्धात ही अडचण फारशी राहत नाही. दोन्ही बाजूंची भाषा एक, धर्म एक, नातीगोती परस्परांत गुंतलेली. वॉशिंग्टन ही उत्तरेची राजधानी आणि रिचमंड ही दक्षिणेची राजधानी यांत जेमतेम १६० किलोमीटरचे अंतर होते. वॉशिंग्टनमध्ये दक्षिणेचे पक्षपाती मोठ्या संख्येने राहत होते, तर रिचमंडमध्ये संघराज्याशी निष्ठा राखणारी घराणी होती. त्यामुळे माणूस कोणत्या बाजूचा आहे हे त्याच्या राहणीवरून किंवा बोलण्यावरून ओळखता येत नसे.

ही सोय जशी हेराला होती, तसाच धोकाही त्याच परिस्थितीतून निर्माण होत असे. परक्या मुलुखात हेराला ओळखणारे कोणी नसते. यादवी युद्धात मात्र जुना शेजारी, व्यापारातील ओळखीचा माणूस किंवा दूरचा नातेवाईक कोणत्याही वळणावर भेटू शकतो. शिवाय पकडला गेलेला हेर हा केवळ शत्रू ठरत नाही, तर आपल्याच समाजाचा द्रोही ठरतो. युद्ध संपल्यावरही त्याला त्याच गावात, त्याच लोकांत राहावयाचे असते. पुढील विवेचनात हे मुद्दे वारंवार प्रत्ययास येतील.

प्रारंभीची हौशी हेरगिरी :

युद्धाच्या प्रारंभी दोन्ही पक्षांकडे गुप्तवार्ता गोळा करणारी स्वतंत्र व कायमस्वरूपी यंत्रणा नव्हती. त्यामुळे पहिल्या वर्षातील हेरगिरी ही बहुतांशी व्यक्तिगत उत्साहावर आधारलेली होती. वॉशिंग्टनमधील प्रतिष्ठित विधवा रोझ ओनील ग्रीनहाऊ हे याचे ठळक उदाहरण होय. राजकीय वर्तुळातील आपल्या ओळखींचा उपयोग करून त्यांनी जुलै १८६१ मध्ये उत्तरेच्या फौजेच्या हालचालीची वार्ता सेनापती बोरगार्ड यांच्याकडे पाठविली. हा निरोप बेटी डुव्हॉल या तरुणीने केसांच्या अंबाड्यात लपवून नेला होता. दि. २१ जुलै १८६१ रोजी बुल रन येथे झालेल्या पहिल्या मोठ्या लढाईत दक्षिणेचा विजय झाला. या विजयात ग्रीनहाऊ यांच्या माहितीचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. कारण उत्तरेची चढाई होणार हे वृत्तपत्रांतूनही उघड झाले होते. ऑगस्ट १८६१ मध्ये ग्रीनहाऊ यांना अटक झाली आणि पुढे त्यांची रवानगी दक्षिणेत करण्यात आली. १ ऑक्टोबर १८६४ रोजी युरोपातून परतताना उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ त्यांना जलसमाधी मिळाली. सोबत बाळगलेल्या सोन्याच्या नाण्यांचे ओझे त्यांच्या बुडण्यास कारणीभूत झाले, असे सांगितले जाते.

उत्तरेच्या बाजूने शिकागोतील खाजगी गुप्त पोलीस अ‍ॅलन पिंकर्टन यांनी सेनापती मॅक्लेलन यांच्यासाठी काम केले. चोर व लुटारूंचा माग काढण्यात पिंकर्टन निष्णात होते. परंतु शत्रूच्या सैन्यबळाचा अंदाज बांधणे हे निराळे शास्त्र आहे. १८६२ च्या मोहिमेत त्यांनी दिलेले आकडे वस्तुस्थितीच्या दुपटीहून अधिक होते. मुळातच सावध असलेल्या मॅक्लेलन यांच्या दिरंगाईला या फुगविलेल्या आकड्यांनी आधारच दिला.

पिंकर्टन यांचा सर्वांत कुशल हेर टिमोथी वेब्स्टर याचा अंत या हौशी पद्धतीतील दोष दाखवून देतो. रिचमंडमध्ये वेब्स्टर आजारी पडला आणि त्याच्याकडून येणारी वार्ता थांबली. त्याचा शोध घेण्यासाठी पिंकर्टन यांनी प्राइस लुईस आणि जॉन स्कली या दोघांना धाडले. या दोघांनी पूर्वी वॉशिंग्टनमध्ये दक्षिणेच्या पक्षपाती कुटुंबाच्या घराच्या झडतीत भाग घेतला होता आणि ते कुटुंब आता रिचमंडमध्ये होते. साहजिकच त्यांना ओळखण्यात आले. त्यांच्या जबान्यांतून वेब्स्टरचे नाव उघड झाले. दि. २९ एप्रिल १८६२ रोजी वेब्स्टरला फाशी देण्यात आली. पहिल्या खेपेस फास निसटला व त्याला पुन्हा फासावर चढवावे लागले. झडती घेणारे आणि हेरगिरी करणारे यांची गल्लत होऊ नये, हा साधा नियम न पाळल्याची किंमत एका माणसाला प्राण देऊन मोजावी लागली.

लष्करी माहिती विभागाची स्थापना :

१८६३ च्या प्रारंभी सेनापती हूकर यांनी पोटोमॅक सेनेसाठी ‘लष्करी माहिती विभाग’ स्थापन केला आणि त्याची सूत्रे न्यूयॉर्क राज्यातील वकील असलेले कर्नल जॉर्ज शार्प यांच्याकडे सोपविली. जॉन बॅबकॉक हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. या विभागाचे वैशिष्ट्य असे की, एकट्या हेराच्या शब्दावर तो विसंबून राहत नसे. युद्धकैद्यांच्या व पळून आलेल्या सैनिकांच्या जबान्या, गुलामगिरीतून निसटलेल्यांनी दिलेली माहिती, शत्रूची वृत्तपत्रे, टेहळणीपथकांचे अहवाल आणि हेरांचे निरोप ही सर्व साधने एकत्र करून, परस्परांशी ताडून त्यांतून निष्कर्ष काढला जाई. शत्रूच्या कोणत्या तुकडीत कोणती पलटण आहे याचा तक्ता सतत अद्ययावत ठेवला जाई. आधुनिक काळात ‘सर्व स्रोतांचे एकत्रित विश्लेषण’ म्हणून जी पद्धत ओळखली जाते, तिचे हे आरंभीचे रूप म्हणता येईल.

या पद्धतीचे फळ गेटिसबर्गच्या लढाईत दिसून आले. दि. २ जुलै १८६३ च्या सायंकाळपर्यंत हाती आलेल्या कैद्यांच्या पलटणी तपासून शार्प व बॅबकॉक यांनी असा निष्कर्ष सेनापती मीड यांच्यापुढे ठेवला की, पिकेट यांचा विभाग वगळता ली यांचे संपूर्ण पायदळ लढाईत उतरून झाले आहे. शत्रूजवळ ताजे दळ फारसे उरलेले नाही हे कळल्याने जागेवर ठाम राहण्याच्या निर्णयास बळ मिळाले. दुसऱ्या दिवशी पिकेट यांचाच विभाग चालून आला आणि त्याची वाताहत झाली.

तथापि अचूक माहिती म्हणजे विजय नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, मे १८६३ मधील चॅन्सेलर्सव्हिलच्या लढाईत शार्प यांनी ली यांच्या सैन्यबळाचा अतिशय अचूक अंदाज दिला होता. तरीही हूकर यांचा पराभव झाला. गुप्तवार्ता ही सेनापतीच्या निर्णयशक्तीची जागा घेऊ शकत नाही.

रिचमंडमधील गुप्त मंडळ :

शत्रूच्या राजधानीत राहून दीर्घकाळ कार्य करणाऱ्यांत एलिझाबेथ व्हॅन ल्यू यांचे स्थान अग्रगण्य आहे. १८१८ मध्ये रिचमंडच्या एका संपन्न घराण्यात त्यांचा जन्म झाला. फिलाडेल्फियात शिक्षण झालेल्या व्हॅन ल्यू यांचे मत गुलामगिरीच्या विरोधात होते. युद्ध सुरू झाल्यावर लिबी या तुरुंगातील उत्तरेच्या युद्धकैद्यांना अन्न, पुस्तके व औषधे पोहोचविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. शेजाऱ्यांच्या दृष्टीने हे एका विक्षिप्त प्रौढ अविवाहितेचे भूतदयेचे काम होते. वस्तुतः त्याच निमित्ताने कैद्यांनी वाटेत पाहिलेल्या तटबंदीची व पलटणींची माहिती बाहेर येत होती. दि. ९ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री १०९ अधिकारी भुयार खोदून लिबी तुरुंगातून निसटले आणि त्यांपैकी ५९ जण उत्तरेच्या छावणीपर्यंत पोहोचले. पळालेल्यांपैकी काहींना व्हॅन ल्यू यांच्या मंडळाने आश्रय दिला.

१८६३-६४ च्या हिवाळ्यात सेनापती बटलर यांनी त्यांच्याशी संधान बांधून त्यांना अदृश्य शाई व सांकेतिक लिपी पुरविली. जून १८६४ पासून ग्रँट यांच्या सेनेने पीटर्सबर्गला वेढा घातल्यावर हे मंडळ शार्प यांच्या विभागाशी जोडले गेले. रिचमंडपासून ग्रँट यांच्या छावणीपर्यंत निरोप पोहोचविण्यासाठी टप्प्याटप्प्याने विश्वासू घरे ठरविलेली होती आणि शहराबाहेरील व्हॅन ल्यू कुटुंबाचा मळा हा त्यांपैकी एक टप्पा होता. घरातील कृष्णवर्णीय नोकर भाजीपाला किंवा अंडी घेऊन ये-जा करीत आणि त्यांच्याबरोबर निरोप जात. अशा ये-जा करणाऱ्यांकडे पहारेकरी लक्ष देत नसत.

या मंडळाशी संलग्न असलेले सॅम्युएल रूथ यांचे कार्य घातपाताचा एक निराळा प्रकार दाखविते. ते रिचमंड, फ्रेडरिक्सबर्ग व पोटोमॅक या लोहमार्गाचे व्यवस्थापक होते. त्यांनी एकही पूल उडविला नाही. पुलांची दुरुस्ती लांबविणे, गाड्या संथपणे चालविणे, रसद उशिरा पोहोचविणे एवढेच त्यांनी केले. या लोहमार्गाच्या दिरंगाईबद्दल स्वतः ली यांनी तक्रार केली होती. १८६५ च्या जानेवारीत रूथ यांना अटकही झाली. परंतु पुराव्याअभावी त्यांची सुटका झाली. जेथे सर्वच कारभार विस्कळीत झालेला असतो, तेथे हेतुपुरस्सर केलेली दिरंगाई आणि सामान्य गलथानपणा यांतील भेद सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. रूथ यांचे संरक्षण याच वस्तुस्थितीने केले.

गुलामांनी पुरविलेली माहिती :

या युद्धातील गुप्तवार्तेचा सर्वांत विपुल स्रोत म्हणजे स्वतः गुलाम होत. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तीन गुलाम व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो येथे आश्रयास आले. दक्षिणेच्या तोफखान्याची तटबंदी बांधण्यासाठी त्यांना राबविले जात होते. मालकाने त्यांची मागणी केली असता बटलर यांनी त्यांना ‘युद्धातील जप्त माल’ ठरवून परत देण्यास नकार दिला. ज्या कायद्याने माणसाला माल मानले होते, त्याच कायद्याचा आधार घेऊन ही सुटका करण्यात आली. यानंतर हजारो गुलाम उत्तरेच्या छावण्यांकडे येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर शत्रूच्या तटबंदी, रस्ते, नद्यांचे उतार व पलटणींच्या हालचाली यांची प्रत्यक्ष पाहिलेली माहिती येऊ लागली. अशा माहितीला पुढे ‘कृष्ण अहवाल’ अशा अर्थाचे नाव रूढ झाले. जून १८६३ मध्ये चार्ली राइट या पळून आलेल्या नोकराने ली यांची पथके उत्तरेकडे निघाल्याची दिलेली वार्ता गेटिसबर्गपूर्वीच्या हालचालींत मोलाची ठरली.

या माहितीच्या गुणवत्तेचे कारण सामाजिक होते. मालक व अधिकारी गुलामांसमोर निःसंकोचपणे बोलत, कारण गुलामाला समज असते हेच त्यांना मान्य नव्हते. वर्णश्रेष्ठत्वाचा अहंकार हीच दक्षिणेच्या गुप्ततेतील सर्वांत मोठी फट ठरली.

रॉबर्ट स्मॉल्स यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दक्षिणेच्या सेवेतील ‘प्लँटर’ या आगबोटीवर ते सुकाणू धरीत असत. दि. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना, त्यांनी आपल्या कुटुंबियांना व सहकाऱ्यांना घेऊन ती बोट चार्ल्स्टन बंदरातून बाहेर काढली. कप्तानाची टोपी घालून आणि प्रत्येक किल्ल्यासमोर ठरलेली शीळ देऊन त्यांनी ती उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. बोटीवरील तोफांबरोबरच सांकेतिक खुणांचे पुस्तकही उत्तरेच्या हाती आले. पुढे स्मॉल्स अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे सदस्य झाले.

हॅरिएट टबमन यांनी दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीवर स्थानिक गुलामांच्या साहाय्याने टेहळणीचे जाळे उभारले. नदीत पाणसुरुंग कोठे पेरले आहेत याची माहिती मिळवून दि. २ जून १८६३ रोजी कर्नल माँटगोमेरी यांच्या तुकडीबरोबर कॉम्बाही नदीवरील चढाईत त्या सहभागी झाल्या. मळे व साठे जाळण्यात आले आणि सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. या एका कारवाईत हेरगिरी, घातपात आणि मुक्ती ही तिन्ही उद्दिष्टे एकवटलेली दिसतात. मात्र टबमन यांना पुरेशा निवृत्तिवेतनासाठी तीन दशकांहून अधिक काळ झगडावे लागले. १८९९ मध्ये ते दरमहा २० डॉलर करण्यात आले आणि तेही सैनिकाची विधवा व परिचारिका या नात्याने. लष्करी गुप्तवार्ता क्षेत्रातील त्यांच्या कार्याचा अधिकृत गौरव २०२१ मध्ये झाला, तर २०२४ मध्ये मेरीलँड राज्याने त्यांना मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा दिला.

घातपाताच्या कारवाया :

अ) अँड्र्यूज यांची मोहीम : एप्रिल १८६२ मध्ये जेम्स अँड्र्यूज या नागरिकाच्या नेतृत्वाखाली ओहायो राज्याच्या पलटणींतील सैनिक साध्या वेषात जॉर्जियात शिरले. अटलांटा व चॅटनूगा यांना जोडणारा लोहमार्ग उद्ध्वस्त करणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. दि. १२ एप्रिल रोजी बिग शँटी या स्थानकावर प्रवासी न्याहारीसाठी उतरले असता त्यांनी ‘जनरल’ नावाचे इंजिन तीन डब्यांसह पळविले. गाडीचा गार्ड विल्यम फुलर याने प्रथम पायी, मग ढकलगाडीने आणि नंतर मिळेल त्या इंजिनाने पाठलाग केला. सुमारे १४० किलोमीटर अंतर कापल्यावर इंधन संपले आणि पथक पांगले.

या अपयशाची कारणे बोधप्रद आहेत. पावसामुळे अँड्र्यूज यांनी मोहीम एक दिवस पुढे ढकलली; परंतु तिच्याशी सांगड घातलेली सेनापती मिचेल यांची चढाई ठरल्या दिवशीच झाली व ११ एप्रिल रोजी हंट्सव्हिल पडले. परिणामी तिकडून निघालेल्या जादा गाड्यांनी एकेरी मार्ग अडविला आणि पथकाला वाटेत तासाहून अधिक काळ थांबावे लागले. भिजलेले लाकडी पूलही पेटले नाहीत. साध्या वेषात पकडले गेल्यामुळे अँड्र्यूज व सात सैनिक यांना हेर ठरवून फाशी देण्यात आले. आठ जण तुरुंगातून निसटले आणि उरलेल्या सहा जणांची १८६३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका झाली. या सहा जणांना दि. २५ मार्च १८६३ रोजी अमेरिकेचे पहिले ‘मेडल ऑफ ऑनर’ देण्यात आले. नागरिक असल्याने अँड्र्यूज त्यास अपात्र ठरले. फाशी गेलेल्यांपैकी शॅड्रॅक व विल्सन या दोघांना हा सन्मान २०२४ मध्ये मरणोत्तर मिळाला.

ब) सिटी पॉइंटचा स्फोट : दक्षिणेने घातपाताच्या तंत्रात विशेष प्रगती केली होती. कोळशाच्या ढेकळासारखे दिसणारे बाँब थॉमस कोर्टने यांनी तयार केले. ते शत्रूच्या कोळशाच्या साठ्यात मिसळावयाचे आणि बोटीच्या भट्टीत पडताच स्फोट व्हावा अशी योजना होती. दि. ९ ऑगस्ट १८६४ रोजी जॉन मॅक्सवेल हा दक्षिणेचा हस्तक ग्रँट यांच्या सिटी पॉइंट येथील मुख्य रसदतळावर पहारा चुकवून शिरला. त्याच्याजवळील पेटीत सुमारे १२ पौंड दारू आणि घड्याळाची कळ होती. दारूगोळ्याच्या बोटीचा कप्तान किनाऱ्यावर गेल्याचे पाहून, ‘कप्तानाने ही पेटी आत ठेवण्यास सांगितले आहे’ असे सांगत त्याने ती एका कामगाराच्या हाती दिली. तासाभरात बोट उडाली. चाळीसहून अधिक माणसे ठार आणि शंभराहून अधिक जखमी झाली; त्यांत कृष्णवर्णीय मजुरांची संख्या मोठी होती. जवळच असलेल्या ग्रँट यांच्यावरही ढिगाऱ्याचे तुकडे येऊन पडले. चौकशीत हा अपघात ठरविण्यात आला. युद्ध संपल्यावर, १८६५ मध्ये, मॅक्सवेलचा अहवाल हाती लागला तेव्हा खरा प्रकार समजला. एवढे होऊनही रसदतळ लवकरच पूर्ववत सुरू झाला आणि वेढा उठला नाही.

क) कॅनडातून झालेल्या कारवाया : १८६४ मध्ये दक्षिणेने जेकब थॉम्पसन व क्लेमेंट क्ले यांना कॅनडात पाठवून तेथून उत्तरेच्या पिछाडीस उपद्रव देण्याचे धोरण आखले. दि. १९ ऑक्टोबर १८६४ रोजी व्हरमाँटमधील सेंट ऑल्बन्स या गावातील तीन बँकांतून दोन लाखांहून अधिक डॉलर लुटण्यात आले. कॅनडातील न्यायालयाने आरोपींना अमेरिकेच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. दि. २५ नोव्हेंबर १८६४ रोजी न्यूयॉर्कमधील अनेक हॉटेलांत ज्वालाग्राही द्रव्याच्या बाटल्या फोडून आगी लावण्यात आल्या. बंद खोल्यांत हवा न मिळाल्याने बहुतेक आगी भडकल्या नाहीत. या कटातील रॉबर्ट केनेडी याला दि. २५ मार्च १८६५ रोजी, म्हणजे ली यांच्या शरणागतीपूर्वी अवघे पंधरा दिवस, फाशी झाली. हॉटेलांत झोपलेल्या स्त्री-पुरुषांचा व मुलांचा लष्करी लक्ष्याशी काही संबंध नव्हता. घातपात रसदतळाकडून नागरी वस्तीकडे वळला की त्याचे स्वरूपच पालटते, हे या घटनेतून दिसून येते.

कायदेशीर स्थान :

दि. २४ एप्रिल १८६३ रोजी लिंकन यांच्या सरकारने युद्धविषयक नियमांची संहिता जारी केली. तिचे कर्ते फ्रान्सिस लीबर यांचे स्वतःचे पुत्र या युद्धात परस्परविरोधी बाजूंनी लढत होते आणि दक्षिणेकडून लढणारा एक पुत्र १८६२ मध्ये धारातीर्थी पडला होता. १५७ कलमांच्या या संहितेने वेष पालटून माहिती मिळविणाऱ्या हेरास, त्याला यश येवो वा न येवो, फाशीची शिक्षा विहित केली. हेराबाबत स्त्री-पुरुष भेद मानू नये, असेही तिने सांगितले. साध्या वेषात शत्रुप्रदेशात शिरून पूल, रस्ते वा तारा नष्ट करणाऱ्यांना युद्धकैद्याचे हक्क नाकारण्यात आले. मात्र कामगिरी पूर्ण करून आपल्या सैन्यात सुखरूप परतलेल्या हेरास, पुढे तो पकडला गेल्यास, पूर्वीच्या हेरगिरीबद्दल शिक्षा करता येत नाही, अशीही तरतूद होती.

या तरतुदींतील विसंगती उघड आहे. प्रत्येक पक्ष स्वतः हेर पाठवीत होता आणि शत्रूच्या हेरास फासावर चढवीत होता. संहितेने युद्धातील फसवणूक न्याय्य मानली. तथापि ओळखण्यास कठीण असा गुप्त हल्ला अधिक धोकादायक म्हणून अधिक कठोर शिक्षेस पात्र ठरविला. शिक्षेमागे नैतिक अधमतेपेक्षा सुरक्षिततेचा विचार प्रबळ होता, असे यावरून म्हणता येते. परतलेल्या हेराविषयीचा नियम व अन्य काही तत्त्वे पुढे हेग येथील १८९९ व १९०७ च्या करारांतही आढळतात.

पुराव्यांचा प्रश्न :

या विषयाच्या अभ्यासात मुख्य अडचण साधनांची आहे. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड सोडताना दक्षिणेच्या गुप्त कारवायांची कागदपत्रे जाळण्यात आली. व्हॅन ल्यू यांनी १८६६ मध्ये युद्धखात्याकडून स्वतःचे अहवाल परत मागून घेतले व ते नष्ट केले. ग्रँट यांनी १८६९ मध्ये त्यांना रिचमंडच्या पोस्टमास्तरपदी नेमले. १८७७ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले, परंतु शहराने त्यांना कधीच क्षमा केली नाही आणि १९०० मध्ये एकाकी अवस्थेत त्यांचे निधन झाले. शेजाऱ्यांच्या रोषाचे भय हेच कागदपत्रे नष्ट करण्यामागील कारण असावे.

पुरावा नष्ट झाला की आख्यायिका वाढतात. व्हॅन ल्यू यांच्या घरातील मेरी रिचर्ड्स ही कृष्णवर्णीय स्त्री मेरी बाउझर या नावाने प्रसिद्ध झाली. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या निवासस्थानी दासी बनून तिने कागदपत्रे तोंडपाठ केली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती लायबेरियात गेली होती, १८६० मध्ये परतली, युद्धकाळात गुप्त कार्यात सहभागी होती आणि युद्धानंतर मुक्त गुलामांना शिकवीत होती, एवढे पुराव्याने सिद्ध होते. उरलेल्या तपशिलाबाबत सावधगिरी आवश्यक आहे. याउलट पिंकर्टन यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींतील अतिशयोक्ती दीर्घकाळ इतिहास म्हणून स्वीकारली गेली. शार्प यांच्या विभागाची कागदपत्रे मात्र राष्ट्रीय अभिलेखागारात दुर्लक्षित पडून होती. एडविन फिशेल यांच्या १९९६ मधील ग्रंथामुळे त्यांचे महत्त्व सर्वमान्य झाले. ज्यांनी आत्मचरित्रे लिहिली ते प्रसिद्धीस आले आणि ज्यांना लिहिता-वाचता येण्याचीही कायद्याने बंदी होती ते विस्मृतीत गेले, असे या क्षेत्राचे सर्वसाधारण चित्र आहे.

निष्कर्ष :

१) यादवी युद्धात समान भाषा व संस्कृतीमुळे हेराचा प्रवेश सुलभ होतो, परंतु ओळख पटण्याचा धोका आणि युद्धोत्तर सामाजिक बहिष्कार या दोन्हींचे प्रमाण वाढते.

२) नाट्यपूर्ण घातपाती कारवायांपेक्षा अनेक साधनांतून सातत्याने गोळा केलेली आणि ताडून पाहिलेली माहिती अधिक परिणामकारक ठरली. रूथ यांची दिरंगाई अँड्र्यूज यांच्या धाडसापेक्षा अधिक काळ टिकली.

३) घातपाताचे यश मुख्य सैन्याच्या हालचालींशी असलेल्या समन्वयावर अवलंबून असते. असा समन्वय नसल्यास सिटी पॉइंटसारखा मोठा स्फोटही युद्धाची दिशा पालटू शकत नाही.

४) उत्तरेच्या गुप्तवार्तेचा पाया मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय गुलामांनी रचला. ज्या व्यवस्थेने त्यांना माणूस मानले नाही, त्या व्यवस्थेची गुपिते त्यांच्याच देखत उघडी पडत होती.

५) हेर व घातपाती यांना कायद्याने संरक्षण दिले नाही आणि विजयानंतर राज्यकर्त्यांनीही त्यांची पुरेशी दखल घेतली नाही. टबमन यांचा गौरव होण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. म्हणून यादवी युद्धाचा इतिहास लिहिताना रणांगणावरील नोंदींबरोबरच अशा अलिखित योगदानाचा, उपलब्ध पुराव्याच्या मर्यादा सांभाळून, शोध घेणे हे इतिहास-अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.